प्रकरण अभ्यास: वेल्डिंग शॉपमधली पिकलिंग पेस्ट आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाला शोधलेला पर्याय

पार्श्वभूमी

हे प्रकरण स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइन बनवणाऱ्या एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपचे आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. काम मुख्यतः स्टेनलेस स्टीलच्या 304 आणि 316एल या प्रतींचे: 2 ते 6 मिमी जाडीचे पत्रे, टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेले). बहुतेक माल खाद्य आणि औषध उद्योगाकडे जाणारा, त्यामुळे सांधा आतून-बाहेरून स्वच्छ हवा आणि त्यावर पुढे गंज येता कामा नये, ही अट प्रत्येक ऑर्डरमध्ये असायची.

वेल्डिंग झाले की सांध्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा, तपकिरी, निळा असा पट्टा उमटतो. तो फक्त दिसायला वाईट असता तर प्रश्न नव्हता. उष्णतेने पृष्ठभागावरचा ऑक्साइड जाड होतो आणि त्याला लागणारे क्रोमियम लगतच्या धातूतून ओढले जाते. मग ऑक्साइडखाली काही मायक्रॉनचा, क्रोमियम कमी झालेला थर उरतो. हे पोलाद गंजत नाही ते त्यातल्या किमान 10.5 टक्के क्रोमियममुळे, त्यामुळे तो कमजोर थर तसाच राहिला तर गंजाची सुरुवात तिथूनच होते. म्हणजे काम दोन थर काढायचे आहे: दिसणारा ऑक्साइड आणि न दिसणारा कमजोर धातू. ही गोष्ट पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे.

शॉपमध्ये हे काम पिकलिंग पेस्टने, म्हणजे वरचा थर आम्लाने विरघळवून काढणाऱ्या पेस्टने, होत असे. पुरवठादाराच्या सुरक्षा माहितीपत्रकानुसार तिच्यात नायट्रिक आम्ल 20 ते 25 टक्के आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल 3 ते 5 टक्के होते. ब्रशने सांध्यावर लावायची, 304 ला अर्धा-पाऊण तास, 316 ला त्याहून जास्त ठेवायची आणि पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवायची. हेल्परला हे काम अर्ध्या तासात शिकवता येते, म्हणूनच ते कायम सगळ्यात नव्या माणसाकडे जायचे.

घटना

शिफ्ट संपायच्या सुमारास एका हेल्परने टाकीच्या आतल्या कोपऱ्यांना पेस्ट लावली. हातात पातळ एकवापरी नायट्राइल मोजे आणि त्यावर वेल्डिंगचे चामडी मोजे. काम झाल्यावर चामडी मोजे ओलसर दिसले, पण हाताला काही झालेले नव्हते. त्याने हात धुतले आणि तो घरी गेला.

साधारण पाच तासांनी उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक ठणकू लागले. त्वचा किंचित लालसर, फोड नाही, जखम नाही. त्याने वेदनाशामक गोळी घेतली. मध्यरात्रीपर्यंत ठणका असह्य झाला आणि नखाखालचा भाग करडा पडला. जवळच्या दवाखान्यात साधा आम्लाचा चटका समजून मलम लावून पट्टी बांधली गेली. पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल आहे हे डॉक्टरांना कोणी सांगितले नाही, कारण हेल्परला ते माहीतच नव्हते. त्याच्या लेखी ती "पांढरी पेस्ट" होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरला फोन आला, त्याने डब्याचे लेबल वाचले आणि हेल्परला मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे, म्हणजे कॅल्शियम पुरवणाऱ्या औषधाचे, जेल सर्जिकल मोज्यात भरून तो मोजा हातावर चढवला गेला. ठणका पुरता उतरेना म्हणून पुढे हाताच्या धमनीतून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावे लागले. हृदयाचा आलेख आणि रक्तातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वारंवार तपासले. ते ठीक राहिले. बोट वाचले, पण नख काढावे लागले आणि टोकाची संवेदना कमी झाली ती कायमची.

नेमके काय चुकले

हायड्रोफ्लोरिक हे पाण्यात दुबळे आम्ल आहे, त्याचा पीकेए (आम्लाची ताकद दाखवणारा आकडा; जितका जास्त तितके आम्ल दुबळे) 3.2 च्या आसपास. बरेच जण याचा अर्थ "सौम्य" असा घेतात, आणि इथेच फसतात. दुबळे असल्यामुळे त्याचे बरेचसे रेणू न फुटलेल्या, विद्युतभार नसलेल्या रूपात राहतात आणि त्वचेतून, नखातूनही आत शिरतात. आत गेल्यावर फ्लोराइड ऊतींमधल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून बसते. ठणका वरच्या चटक्याचा नसतो, खोलवर चाललेल्या या ओढाताणीचा असतो. भाजलेला भाग मोठा किंवा आम्ल तीव्र असेल तर रक्तातले कॅल्शियम घसरून हृदयाची लय बिघडते. अतितीव्र आम्लाने शरीराचा अडीच टक्के पृष्ठभाग भाजला तरी मृत्यू ओढवल्याची नोंद आहे.

आम्लाची तीव्रता आणि वेदना सुरू व्हायला लागणारा वेळ यांचे नाते इथे उलटे आहे. 50 टक्क्यांच्या वर वेदना लगेच होते. 20 ते 50 टक्क्यांत एक ते आठ तासांनी. 20 टक्क्यांच्या खाली ती 24 तासांपर्यंत लांबू शकते. म्हणजे शॉपमधली 3 ते 5 टक्क्यांची पेस्ट ही लागली तरी कळू न देणाऱ्या गटातली. "दुखत नाही, म्हणजे लागले नाही" हा नियम इथे चालत नाही.

चामडी मोज्याने हानी वाढवली. चामडे आम्ल शोषून घेते आणि बोटाशी दाबून धरते. आतला पातळ मोजा एकदा टोचला की तो आम्लाचा ओला बोळा तासन्‌तास त्वचेला लागून राहतो. पातळ नायट्राइल मोजे फार तर एखाद्या शिंतोड्यापुरते, आणि तोही उडाला की लगेच काढून टाकायचे. सलग काम असेल तर जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल रबरचे लांब बाहीचे मोजे लागतात. प्रत्येक वापराआधी मोज्याची कड गुंडाळत हवा कोंडायची आणि बोटांतून ती निसटते का ते पाहायचे. एक टाचणीएवढे छिद्र संपूर्ण मोजा निरुपयोगी करते.

आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल नव्हते. पेस्ट वर्षानुवर्षे येत होती, पण तिच्यावरचा प्रथमोपचार शॉपमध्ये कधी आलाच नाही.

पहिला निर्णय: पेस्ट चालू ठेवायची की थांबवायची

दोन ऑर्डर अर्धवट होत्या. मालकाचे मत, वापर चालू ठेवू पण मोजे बदलू. सुपरवायझरचे मत, ताबडतोब बंद. शेवटी मधला मार्ग निघाला: पर्याय ठरेपर्यंत पेस्ट वापरायची, पण एकाच अनुभवी माणसाने, उघड्यावर, जाड निओप्रीन मोजे, आम्लरोधक एप्रन, बूट, गॉगल आणि चेहऱ्याची ढाल घालून. पायाखाली नळाचे वाहते पाणी आणि हाताशी 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेलच्या चार नळ्या.

प्रथमोपचाराचा क्रम भिंतीवर लावला गेला, तो असा. लागले असे नुसते वाटले तरी कपडे, मोजे, घड्याळ काढायचे आणि वाहत्या पाण्याखाली धरायचे. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटे पाणी पुरे, त्यानंतर जेल. जेल नसेल तर जेल किंवा वैद्यकीय मदत मिळेपर्यंत पाणी चालूच. जेल दुसऱ्या माणसाने स्वच्छ मोजे घालून चोळायचे, नाहीतर त्याची बोटेही त्यात सापडतात. ठणका थांबल्यावरही पंधरा मिनिटे चोळत राहायचे. ठणका थांबणे हाच उपचार लागू पडल्याचा पुरावा असतो, म्हणून बधिर करणारे मलम लावायचे नाही. डोळ्यात गेले तर फक्त पाणी, जेल नाही. आणि बरे वाटले तरी रुग्णालयात जायचे, सोबत माहितीपत्रकाची प्रत घेऊन.

बाजारात जेल वेळेवर मिळाले नाही तर औषध दुकानदाराकडून किंवा डॉक्टरांकडून ते बनवून घेता येते: 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनचे 25 मिली द्रावण, पाण्यात विरघळणाऱ्या निर्जंतुक जेलीच्या 75 मिलीत. आधी शॉपनेही असेच केले.

या मधल्या मार्गाचे मूल्यमापन करताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. अपघात झाला नाही, पण निर्णय बरोबर होता असे त्यातून सिद्ध होत नाही. अर्धवट ऑर्डर पिकलिंगची सोय असलेल्या बाहेरच्या शॉपला देता आल्या असत्या. तो पर्याय त्या आठवड्यात कोणी विचारातही घेतला नाही, कारण चर्चा "पेस्ट की गुणवत्ता" अशी दोनच टोके धरून झाली.

तपासलेले पर्याय

पहिल्यांदा समोर आली ती पुरवठादाराने सुचवलेली "एचएफ-मुक्त", म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्ल नसलेली, पेस्ट. दर थोडा जास्त, वापरायची पद्धत तीच, प्रशिक्षण नको. सगळ्यांनाच हवी होती. बाहेरच्या सुरक्षा सल्लागाराने तिच्या माहितीपत्रकाचा तिसरा विभाग, म्हणजे घटकांचा, उघडायला सांगितला. तिथे अमोनियम बायफ्लोराइड होते, कॅस क्रमांक (रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) 1341-49-7. हे घन मीठ आहे, बाटलीत हायड्रोफ्लोरिक आम्ल नसते हे खरे. पण त्याच पेस्टमध्ये नायट्रिक आम्लही होते, आणि आम्लात बायफ्लोराइड गेले की हायड्रोफ्लोरिक आम्ल जागेवरच तयार होते. त्वचेवर होणारा परिणाम तोच, लांबलेला ठणकाही तोच. बदलले फक्त लेबल. उलट आता कोणी जेल ठेवायचीही तसदी घेतली नसती. पेस्ट नाकारली गेली. माहितीपत्रकात हायड्रोफ्लोरिक आम्लाचा क्रमांक 7664-39-3 शोधून थांबू नये, "फ्लोराइड" असा शब्द जिथे दिसेल तिथे थांबावे.

दुसरा पर्याय सायट्रिक आम्लाचा. विषारीपणाच्या बाजूने तो जिंकतोच. एएसटीएम ए967 या मानकात पॅसिव्हेशनसाठी 4 ते 10 टक्के सायट्रिक आम्ल मान्य आहे: 60 ते 71 अंश सेल्सिअसला किमान 4 मिनिटे, 49 ते 60 ला 10 मिनिटे, 21 ते 49 ला 20 मिनिटे. पण पॅसिव्हेशन म्हणजे पृष्ठभागावरचे सुटे लोखंड काढून क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर नीट तयार होऊ देणे. त्यात उष्णतेचा जाड ऑक्साइडही निघत नाही, त्याखालचा कमजोर धातूही नाही.

शॉपने हे कागदावर न मानता 3 मिमीच्या 304 पत्र्याच्या पट्ट्यांवर करून पाहिले. एका संचावर सायट्रिक जेल, दुसऱ्यावर स्टेनलेसच्या तारेच्या ब्रशने घासून मग सायट्रिक, तिसऱ्यावर जुनी पेस्ट. पहिल्या संचावर निळा पट्टा जसाच्या तसा. दुसरा चकाकला. मग फेरॉक्सिल चाचणी झाली, म्हणजे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि नायट्रिक आम्लाचे द्रावण लावून निळा डाग उमटतो का ते पाहायचे. दुसरा संच पास झाला आणि आनंदाने निर्णय व्हायच्या बेतात होता.

गुणवत्ता तपासनीसाने अडवले. फेरॉक्सिल सुटे लोखंड दाखवते. क्रोमियम कमी झालेला थर ती शोधत नाही. त्याने तिन्ही संच मिठाच्या पाण्याने पुसून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, तळाशी पाणी ठेवून, चार दिवस ठेवले. दुसऱ्या संचावर सांध्याला समांतर तपकिरी ठिपक्यांची रेघ आली, तिसऱ्यावर नाही. ब्रशने रंग पुसला होता, कमजोर धातू तसाच राहिला होता. प्रश्न चुकीचा विचारला तर चाचणीही चुकीचे उत्तर देते, त्याचा हा चांगला नमुना. (फेरॉक्सिल द्रावण तयार टाकीच्या आतल्या, खाद्यपदार्थाला लागणाऱ्या पृष्ठभागावर वापरायचे नाही, नमुना पट्टीवरच.)

तिसरा पर्याय यांत्रिक: फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायच्या, खरखरीत पट्ट्यांच्या चकतीने) घासून मग बफिंग. पुरेसे खोल घासले तर कमजोर थर जातो, पण पातळ पत्र्यात जाडी कमी होते, खडबडीत रेघांत घाण अडकते आणि ज्या डिस्कने आधी साधे लोखंड घासले असेल ती स्टेनलेसवर लोखंडाचे कण पेरते. अर्धवट घासले तर ऑक्साइडच पृष्ठभागात लिंपला जातो. बाहेरच्या सपाट सांध्यांसाठी ठीक, आतल्या कोपऱ्यांना नाही.

चौथा: विद्युत-रासायनिक सफाई. कमी व्होल्टेजचा वीजपुरवठा, कार्बन फायबरचा ब्रश किंवा कापडी पॅड आणि फॉस्फोरिक आम्लावर आधारलेले इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारा द्रव. सांध्यावरून ओला ब्रश फिरवला की ऑक्साइड आणि खालचा पातळ थर विजेच्या मदतीने विरघळतो, आणि पृष्ठभाग तिथल्या तिथे पॅसिव्ह होतो. फ्लोराइड नाही. याच पट्ट्यांवर केल्यावर डब्यातल्या चाचणीत तो पेस्टच्या बरोबरीने टिकला.

पाचवा पर्याय सल्लागाराने बैठकीच्या शेवटी मांडला, खरे तर तो सगळ्यात आधी यायला हवा होता: रंग येऊच का द्यावा? सांध्याच्या मागच्या बाजूला आर्गॉन भरून हवा हाकलली, म्हणजे पर्जिंग केले, तर आतून ऑक्साइड जवळपास बनतच नाही. स्वच्छ पाइपसाठी आत उरलेला ऑक्सिजन साधारण 50 पीपीएमच्या (दहा लाखांत 50 भागांच्या) खाली आणतात; सांधा स्वच्छ किंवा फार तर फिकट पिवळा राहतो. गडद निळा दिसला तर पर्जिंग गळतेय, आर्गॉन अडवून धरणारा बांध नीट बसला नाही किंवा आर्गॉन घाईने बंद केला. धातू 250 अंशांच्या खाली येईपर्यंत तो चालू ठेवावा लागतो.

दुसरा निर्णय: काय निवडले

एकच पर्याय सगळीकडे लावला नाही. पाइप आणि बंद सांध्यांना पर्जिंग, म्हणजे आतून साफ करायची गरजच संपली. टाक्यांच्या उघड्या सांध्यांना विद्युत-रासायनिक सफाई. गरम दाबून बनवलेल्या डिशच्या टोकांवर (टाकीच्या टोकांना बसणाऱ्या घुमटासारख्या झाकणांवर) सगळीकडे जाड काळा थर असतो. तो ब्रशने निघण्यासारखा नव्हता. ती टोके बाहेरच्या पिकलिंग युनिटला पाठवायचे ठरले. हे हायड्रोफ्लोरिक आम्लच, फक्त दुसऱ्याच्या दारात. म्हणून सुपरवायझरने जाऊन तीन गोष्टी पाहिल्या: वाफ टाकीच्या काठावरूनच ओढून घेणारी व्यवस्था आहे का, कामगारांच्या हाताशी जेल आहे का, आणि वापरलेले आम्ल कुठे जाते. पहिल्या युनिटकडे तिसऱ्याचे उत्तर नव्हते, दुसरे निवडले.

अंमलबजावणी आणि नव्याने उद्‌भवलेले धोके

पर्जिंगचा धोका लगेच समोर आला. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे 1.4 पट जड, वास नाही, रंग नाही. टाकीत सांध्यामागे सोडला की तो तळाशी साचतो आणि आत उतरणारा माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की आत जायचे नाही. इथे एक गंमतशीर पण जीवघेणा गोंधळ झाला: वेल्डरकडे पर्जिंगचा मीटर होता, म्हणून "ऑक्सिजन मीटर आहे" असे नोंदवले गेले. तो मीटर पीपीएममध्ये मोजतो, पाइपच्या आतला वायू. माणसाच्या छातीवर लावायचा, टक्क्यांत मोजणारा आणि किंचाळणारा अलार्म वेगळा लागतो. तो घेतला, आणि टाकीत वेल्डिंग असेल तेव्हा बाहेर एक माणूस आणि आत ताजी हवा फेकणारा पंखा हा नियम झाला.

विद्युत-रासायनिक यंत्राने पहिल्या महिन्यात तक्रारीच आणल्या. सांध्याजवळ पांढुरके ठसे राहत, कारण इलेक्ट्रोलाइट वाळायच्या आत धुतले जात नव्हते. हाताच्या लांबीएवढा भाग, लगेच उदासीनीकरण, लगेच भरपूर पाणी, असा क्रम बसवल्यावर ते गेले. काही ठिकाणी बारीक काळे खड्डे आले. पॅड झिजून आतला धातू पत्र्याला टेकला की ठिणगी पडते, तिचे ते डाग. पॅड वाळू द्यायचा नाही आणि पातळ दिसला की बदलायचा. वेगही कमी वाटला, पण पेस्टचा वेळ मोजताना कोणी वाट पाहण्याचा अर्धा तास आणि धुण्याचे पाणी धरत नव्हते.

"पेस्ट गेली, म्हणजे मोजे गेले" असेही नाही. गरम फॉस्फोरिक आम्लाचे तुषार डोळ्यांना आणि घशाला लागतात. लोखंड, निकेल आणि क्रोमियम विरघळून इलेक्ट्रोलाइटमध्ये येतात, आणि त्यातले काही क्रोमियम सहा-संयुजी होऊ शकते. ते कर्करोगकारक आहे. म्हणून वाफ ओढणारा पंखा, गॉगल आणि आम्लरोधक मोजे कायम. धुतलेले पाणी गटारात नाही. सहा-संयुजी क्रोमियम नुसत्या चुन्याने खाली बसत नाही. आधी पीएच 2 ते 3 ला सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे तीन-संयुजी करावे लागते, मग चुना टाकून पीएच 9 च्या आसपास आणावे लागते. ही प्रक्रिया शॉपने स्वतः केली नाही, पाणी साठवून अधिकृत धोकादायक कचरा हाताळणाऱ्याकडे दिले. शहाणपणाचे.

उरलेल्या पेस्टच्या विल्हेवाटीत एक चूक थोडक्यात टळली. कोणीतरी खाण्याचा सोडा टाकून निकाल लावायला निघाला होता. सोड्याने पीएच वर जातो, फेसही येतो, पण फ्लोराइड विरघळलेलेच राहते. हवा आहे तो कॅल्शियम: विझवलेला चुना किंवा कॅल्शियम कार्बोनेट, ज्याने न विरघळणारे कॅल्शियम फ्लोराइड बनते. त्यानंतरही पाण्यात लिटरला काही मिलिग्रॅम फ्लोराइड उरतेच, शिवाय धातू असतातच. सांडलेल्या पेस्टवर वाळू टाकायची सवयही सोडावी लागली. सिलिका आणि हायड्रोफ्लोरिक आम्लातून सिलिकॉन टेट्राफ्लोराइडचा विषारी वायू सुटतो. काच वापरायची नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक असते. वाळूचे मात्र विसरले जाते. सांडल्यास चुना आणि प्लास्टिकचे फावडे, एवढे सामान लाल डब्यात ठेवले. लोखंडी डबा किंवा बादली या कामाला नाही.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी पाइपच्या कामात पेस्टचा वापर शून्य आहे, टाक्यांच्या कामातही. डिशची टोके बाहेर जातात. ग्राहकांच्या तपासणीत सांधे पास झाले, एका ग्राहकाने फक्त पॉलिशच्या चमकेत फरक दिसतो म्हणून विचारणा केली.

एक गोष्ट मात्र यादीतून निसटली. वेल्डिंग रॉडच्या कपाटामागे पेस्टचा एक न उघडलेला डबा मिळाला, तो कोणत्याही नोंदीत नव्हता. डब्याचे झाकण फुगलेले होते. नायट्रिक असलेल्या पेस्टमध्ये दाब साठतो, म्हणून तो सरळ उघडायचा नसतो: हवेशीर जागी, चेहऱ्याची ढाल लावून, झाकण अगदी सावकाश सैल करायचे, किंवा न उघडताच विल्हेवाट करणाऱ्याकडे द्यायचा. शॉपने दुसरा मार्ग घेतला.

वेगळे काय करता आले असते

जेल आणि रुग्णालयाशी बोलणे हे दोन्ही पेस्ट पहिल्यांदा खरेदी झाली त्याच दिवशी व्हायला हवे होते. जेलची एक नळी खिशात घेऊन हेल्पर घरी गेला असता आणि "ठणकले की लगेच लाव, आणि डॉक्टरांना हे नाव सांग" एवढे लिहिलेले कार्ड त्याच्याकडे असते, तर मधले बारा-चौदा तास वाया गेले नसते. उशिरा होणाऱ्या इजेत शॉपमधल्या प्रथमोपचार पेटीचा उपयोग फार थोडा, कारण माणूस तेव्हा शॉपमध्ये नसतोच. आता पेस्ट नाही, तरी बाहेरच्या युनिटमधून परत येणाऱ्या डिशवर राहिलेल्या आम्लाच्या शक्यतेमुळे कार्ड आणि जेल ठेवलेले आहेत. माल आला की सांध्यांच्या फटी आणि बोल्टच्या छिद्रांत पीएच पट्टी लावून बघतात. जेलची मुदत कॅलेंडरवर लिहिलेली असते.

पर्यायांचा क्रमही उलटा लागला. पेस्टला पेस्ट, मग आम्लाला दुसरे आम्ल, मग यंत्र, आणि सगळ्यात शेवटी "हे काम लागूच नये" हा विचार. पर्जिंगचे बांध आणि मीटर आधी आले असते तर विद्युत-रासायनिक यंत्र लहान आकाराचे चालले असते, कारण साफ करायचे सांधे निम्म्याहून कमी उरले असते. वेल्डरना पर्जिंग येत होतेच. महागड्या औषध उद्योगाच्या कामांना ते करायचे. साध्या टाक्यांना "पेस्ट आहे ना" म्हणून टाळायचे. पेस्ट हाताशी असल्यामुळेच वेल्डिंग ढिले राहत होते, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

फेरॉक्सिलची गडबड ही तपासनीसाच्या सावधपणामुळे निभावली. नवीन पद्धत निवडण्याआधी ठरवायचे असते: जुनी पद्धत नेमके काय करत होती आणि ते झाले की नाही हे कोणती चाचणी दाखवते. ही दोन वाक्ये शॉपने आता प्रत्येक रसायन बदलण्याच्या अर्जावर छापून घेतली आहेत. पुढचा अर्ज ग्रीस काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलीनचा आहे, आणि त्यावर पहिलाच प्रश्न असा लिहून आला आहे: पत्र्यावर ग्रीस येते कुठून?